एलादिओ ओरडतो तेव्हा

पहिली गोष्ट, इरिया: हात थांबवू नकोस.
दचकलीस की सुरी बोटाकडे वळते.
अंगठ्यावरची ही खूण बघ,
सार्डिनच्या काट्याची नाही, त्याच्या आवाजाची आहे,
सत्त्याण्णव सालची.

दुसरी: माशाचं करतेस तसंच बोलण्याचं कर.
डोकं आणि आतडी बादलीत,
उरेल ते डब्यात.
"आंधळी आहेस का, चौथ्या पट्ट्यावर तेल कमी पडतंय,
कोणी जन्माला घातलं तुला?"
यातलं कामाचं एवढंच
की चौथ्या पट्ट्यावर तेल कमी पडतंय.
जा, तोटी फिरव.
बाकीचं धक्क्यावरच्या मांजरांना.

तिसरी मला कुणी सांगितली नाही.

साग्रारिओची एक होती, पण ती तिलाच शोभायची.
तो खेकसला की ती हातमोजे काढायची,
मग टोपी,
मग कानातले बोळे, आधी डावा, मग उजवा,
आणि विचारायची, "काय म्हणालास?"
तेच ओरडणं दुसऱ्यांदा कुणालाच नीट जमत नाही.
तिसऱ्या वेळी तो साधं बोलला,
"तेल. कमी आहे."
आम्ही खाली मान घालून हसलो, खांदे हलू न देता.
त्या हिवाळ्यात तिला मागच्या गोदामात टाकलं,
रिकामे डबे मोजायला.
हेही सांगते,
नाहीतर तुला वाटेल युक्त्या फुकट मिळतात.

आणि काचेच्या खोलीकडे लक्ष ठेव.
आधी तिथला फोन वाजतो.
विगोहून कुणीतरी एलादिओला झापतं.
इथून नुसती त्याची मान दिसते,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोराची असते तशी.
मला कीव येते त्याची.
पण कीव आली म्हणून माफ केलंच पाहिजे असं नाही,
ते दोन वेगळे डबे आहेत,
झाकणं वेगळी.

हे सगळं मला चांगलं जमायचं. पंचवीस वर्षं.
घरी जाताना हात लिंबाने घासायचे,
वास गेला की वाटायचं, सगळं गेलं.

ऑक्टोबरात एका गुरुवारी
ब्राइसच्या हातून दुधाचं भांडं सुटलं.
अकरा वर्षांचा आहे. फरशीभर दूध.
आणि माझ्या घशातून एलादिओ बाहेर आला,
अख्खा, शिरा ताणलेला,
"आंधळा आहेस का? कोणी जन्माला घातलं तुला?"

मीच घातलं होतं.
पहाटे चार वाजता, सांतियागोच्या दवाखान्यात.

पोर रडलं नाही, इरिया.
त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.
फडकं घेतलं आणि पुसत राहिला,
टेबलाखाली, खुर्चीच्या पायाशी, परत टेबलाखाली.
त्याचे हात थांबले नाहीत.

हे त्याला शिकवलं कोणी?

शुक्रवारी मी काचेचं दार ठोठावलं.
रात्रभर जुळवलेली वाक्यं दारातच गळाली.
म्हटलं, "एलादिओ, तू माझ्या घरी राहायला आला आहेस
आणि भाडं देत नाहीस."
त्याला काही कळलं नाही.
माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला, "जा, दोरिंदा, पट्टा थांबलाय,"
हळू, अगदी माणसासारखा.
वाटलं, जमलं.
सोमवारी पिलारवर ओरडला, तिची बादली भरून वाहिली म्हणून.

तर पहिली गोष्ट खोडून टाक.
इतकी वर्षं मी नव्या पोरींना चुकीचं सांगत आले.
तो ओरडला की हात थांबव.
सुरी खाली ठेव, पातं आपल्याकडे नको,
आणि त्याच्याकडे बघ.
तुझ्या समोर मीही ठेवीन.
मासे पुढे जातील, न कापलेले, डोक्यासकट,
जाऊ देत.

दोन सुऱ्या ठेवल्याचा आवाज फार होणार नाही.
पिलारला विचारलंय. ती अजून हो म्हणाली नाही.

टोपीत केस नीट कोंब,
घंटा झाली.